मानाचा बैल, सहा व्होल्टचा

बलभीमरावांनी बैलजोडी विकून जीप घेतली तेव्हा पोळा त्यांच्या डोक्यातच नव्हता. डोक्यात फक्त जीप होती. लष्करानं मोडीत काढलेली ही जीप सोलापूरच्या लिलावातून लोहाऱ्यात आली. तिच्यावर पांढरा तारा होता आणि पुढच्या काचेला एक भोक होतं. ते गोळीचं असल्याचं बलभीमराव सांगत. वाटेत काच कुणी आणि कशी फोडली हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण गोळी ऐकायला बरी वाटते.

जीप दारात लागली, पोरांनी हात लावून पाहिला, म्हाताऱ्यांनी काठी लावून पाहिली. मग त्यांच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, ओवाळता ओवाळता विचारलं, "आवं, समदं झालं. पन औंदा पोळ्याला वेशीतून काय न्हेनार?"

बलभीमरावांच्या हातातला नारळ हातातच राहिला.

आमच्या गावात पोळ्याला वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. ते तोडून पहिला आत शिरतो तो मानाचा बैल, आणि तो मान बलभीमरावांच्या घराचा. आजोबांचा बैल गेला, वडिलांचा गेला, बलभीमरावांचा गेला. मधल्या काळात निजाम गेला तरी मान गेला नव्हता. एक वर्ष जरी घरातून बैल निघाला नाही, तर मान दुसऱ्या नंबरच्या घराकडं जातो आणि तिथंच राहतो. दुसऱ्या नंबरला वीरप्पा होता. त्याचं घर तीन पिढ्या बलभीमरावांच्या बैलाची शेपटी बघत वेशीतून जात होतं, आणि तिन्ही पिढ्यांना ती शेपटी पाठ झाली होती.

"दुसरी जोडी आनावी की मग," धुरपदाबाई म्हणाली.

"कशाची आनू? जीप विकून?"

"मंग जीपच न्ह्या वेशीतून."

ती टोमणा मारून ताट घेऊन आत गेली. पण बलभीमराव अंगणात बराच वेळ जीपकडं बघत उभे राहिले. चार पाय होते. पुढं दोन डोळे होते. वैरण खात नव्हती, हा तर गुणच.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. पंचांत बोलायचं काम एकट्या गुरुलिंगअप्पांचं. बाकीचे मान हलवायला असत.

वीरप्पा म्हणाला, "अप्पा, मोटारीला बैल कसं म्हनायचं? उद्या कुनी शिलाईच्या मशिनला म्हैस म्हनंल."

अप्पांनी पान जुळवलं, चुना लावला, आणि सावकाश बोलले. "वीरप्पा, आपुन निजामाचं हुतो. एका हप्त्यात हिंदुस्थानचं झालो. मग हैद्राबाद राज्याचं झालो. आता कुनीतरी सांगितलं, तुमी मुंबई राज्याचं. तू मुंबई बघितलीस?"

"न्हाय."

"म्या बी न्हाय. तरी आपुन मुंबईचं हावोत का न्हाय? गाव जाग्यावरनं हाललं का? आपल्याला कुनी म्हनलं का, मुंबईचं हाय तर समुद्र दावा? मग त्या बिचाऱ्या जीपनंच काय घोडं मारलंय?"

बाकीच्या पंचांनी माना हलवल्या. मुंबईनंही हलवली असती.

"पन," अप्पा म्हणाले, "बैलाचा मान पायजे तर बैलाचा साज पायजे. शिंगांला शेंब्या, कपाळाला बाशिंग, गळ्यात घंटी, अंगावर झूल. वेशीत त्यो हंबरला पायजे. शेपूट हालवलं पायजे. आन हे समदं त्याच्या अंगातनं आलं पायजे. मागं पोरगं लपून शेपूट हालवायचं न्हाय. आन मान जसा बैलाचा, तसं नेम बी बैलाचंच. मान्य?"

"समदं नेम मान्य," बलभीमराव म्हणाले. घाईत माणूस सगळेच नेम मान्य करतो.

आता अंगातनं यायचं म्हणजे विजेवर यायचं. लोहाऱ्यात तेव्हा वीज नव्हती. अख्ख्या गावात वीज होती ती फक्त जीपच्या बॅटरीत. आणि त्या विजेशी बोलू शकेल असा माणूस एकच होता, जलीलभाई कापडवाल्यांचा आयुब. तो हैद्राबादला मोटारींच्या कारखान्यात दोन वर्षं राहून आला होता. नेमका कशासाठी परत आला हे तो कुणाला सांगत नसे, पण चालताना खांद्यावर पक्कड असे, आणि त्याच्या मते हिंदुस्थानात मोटारीचं दुखणं ओळखणारे अडीच लोक होते. त्यातला अर्धा कोण, हेही तो सांगत नसे.

आयुबनं बॉनेट उघडलं, जीपच्या एका तारेला दोन बोटं लावली आणि हकिमासारखे डोळे मिटले.

"काय म्हनती?" बलभीमरावांनी विचारलं.

"पुरानी तार है. ह्या तारा दोन दिव्यांसाठी घातल्यात, पाटील. तुमी ह्यांच्यावर काय काय लटकवनार?"

बलभीमरावांनी सांगितलं. शिंगांच्या टोकांना दोन दिवे. बाशिंगाला रंगीत बल्बांचं कडं. गळ्यात शाळेत असते तसली विजेची घंटी. हंबरायला मोठा भोंगा. आणि मागं शेपटीसाठी एक वायपर, त्याला काळा गोंडा बांधायचा, म्हणजे शेपूट आपोआप इकडून तिकडं जाईल.

आयुबनं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाकडं आदरानं पाहिलं. "शेपूट का खयाल बहुत अच्छा है," तो म्हणाला. "पन बॅटरी सहा व्होल्टची हाय. आन समदं जुन्या तारेवर जोडलं तर तार तापनार, वरचं रबर वितळनार, जीप पेटनार. नव्या दागिन्याला नवी तार. जाड. थेट बॅटरीपासून. हर एक तारेला अलग फ्यूज, तो बी बॅटरीच्या जवळ. आन जिथं तार पत्र्यातनं जाईल तिथं रबराची गट्टी, न्हायतर पत्रा तारेला सोलतो."

"येवढं कशाला? एक जाड तार घे आन समद्यांला तिच्यावर जोड. एका गोठ्यात धा बैल बांधतूच की."

"पाटील, विहिरीचा पाट असतो का न्हाय? एकाच बारक्या पाटाला धा जनांनी दारं फोडली तर?"

"डोकी फुटत्याल."

"हां. तेच."

हे बलभीमरावांना पटलं. पाण्यावरून फुटलेली डोकी त्यांनी मोजली नव्हती, पण पाहिली होती. "आन ही फूज काय भानगड?"

इथं आयुबनं जरा विचार केला. शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या भाषेत सांगावं, असं त्याला वाटलं. मोठ्या कारागिरांना असं वाटतं, आणि तिथून अनेक अपघात सुरू होतात.

"फ्यूज म्हंजी वेसन," तो म्हणाला. "वीज उधळली की तिला जागेवर रोखती ती वेसन."

"असं व्हय," बलभीमराव म्हणाले. त्यांना सगळं समजलं. इतकं समजलं की त्यांनी पुढं काही विचारलंच नाही.

पोळ्याच्या आधीचे दिवस आयुब जीपखाली होता. त्यानं मोडक्या पेटीच्या फळीवर फ्यूजांची एक रांग बसवली, प्रत्येकाला केसासारखी बारीक तार लावली. पत्र्यातल्या प्रत्येक भोकात जुन्या ट्यूबची गट्टी बसवली. जिथं तार गाडीच्या अंगाला जोडायची तिथला रंग खरवडून काढला, कारण रंगातून वीज जात नाही. बलभीमरावांना वाटलं रंग उगाच काढतोय, म्हणून त्यांनी त्याच्यामागं तिथं पुन्हा रंग लावला, मग आयुबनं पुन्हा खरवडला. असं चालू होतं. संध्याकाळी भोंगा वाजवून पाहिला, तर शेजारच्या गोठ्यातली गाय उभी राहिली आणि बराच वेळ बसली नाही. शेपूट हललं. घंटी वाजली. बाशिंगाचे बल्ब लाल, हिरवे, पिवळे लागले. एकेक लावला की झकास, सगळे एकदम लावले की दिवे जरा उतरायचे.

"इंजिन चालू ठेवा म्हंजी डायनॅमो बॅटरी भरत ऱ्हाईल," आयुब म्हणाला.

"इंजिन कसं चालू ठेवू? पोळ्याच्या दिशी बैलाला कामाला लावत्यात का?"

हे आयुबच्या लक्षात आलं नव्हतं. हैद्राबादच्या कारखान्यात हे शिकवलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलानं वर्षभर ज्या खांद्यावर जू वाहिलं तो खांदा गरम पाण्यानं शेकून त्याला लोणी-हळद चोळतात. धुरपदाबाई वाटीत लोणी घेऊन जीपभोवती दोन फेऱ्या मारून आली.

"आयुब, बाबा, हिचा खांदा कुटं हाय?"

आयुब फळीवर वाकलेला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "खांदा म्हंजी?"

"वज्जं कुटं पडतं?"

"वज्जं तर समदं बॅटरीवर."

मग धुरपदाबाईनं बॅटरी शेकली. म्हणजे गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं फिरवलं, आणि तिच्या तारा धरणाऱ्या दोन्ही गंजक्या पकडींना चांगलं बोटभर लोणी चोळलं, वर हळद. आयुबनं पाहिलं तेव्हा त्याच्या हातातली पक्कड पडली. मग त्यानं पुन्हा पाहिलं. आम्ही कारखान्यात ग्रीस लावायचो, तो स्वतःशीच म्हणाला, आणि पक्कड उचलून पुन्हा फळीवर वाकला. धुरपदाबाईनं जीपच्या कानात, म्हणजे आरशाशी तोंड नेऊन, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या," म्हणून रीतीचं आमंत्रणही दिलं. बैल नेहमीप्रमाणे काही बोलला नाही.

आयुब घरी गेल्यावर बलभीमराव शेवटची नजर टाकायला आले. बॉनेट उघडून त्यांनी फळी पाहिली, आणि त्या बारीक तारा पाहून त्यांना घाम फुटला. ही वेसण? असल्या दोऱ्यानं कुणी शेळीचं करडू बांधत नाही, आणि हा मानाचा बैल. उद्या वेशीत गावासमोर उधळला आणि वेसण तुटली तर? पोरगं हुशार आहे, पण कापडवाल्याच्या घरचं. त्याला वेसणीचं काय माहीत.

बलभीमराव जन्मभर बैल राखलेला माणूस. ते मळ्यात गेले, कुंपणाची जाड तार तोडून आणली, आणि प्रत्येक वेसण मजबूत करून मगच शांतपणे झोपले.

पोळ्याला जीप ओढ्यावर नेऊन धुतली. बॉनेटवर काथ्यानं बांधलेली रंगवलेली शिंगं, शिंगांना दिवे, कपाळावर बाशिंग, अंगावर जलीलभाईंच्या दुकानातली मखमलीची झूल. बैलाला आज काम नाही, म्हणून इंजिन बंद. ओढायला दुसरे बैल लावावेत तर त्यांनाही आज काम नाही. शेवटी गावातली धट्टीकट्टी माणसं पुढून-मागून लागली, आणि बलभीमराव कासरा धरून ऐटीत पुढं चालले. त्या दिवशी लोहाऱ्यातले सगळे बैल विश्रांती घेत होते आणि त्यांच्या वाटचं काम गाव करत होतं.

वेशीसमोर जीप थांबली. मागं वीरप्पाची जोडी, तिच्यामागं गावातले झाडून सगळे बैल. अप्पा काठी टेकून तोरणाच्या कडेला उभे होते.

"शेंब्या?"

झुलीखाली गाडीत बसलेल्या आयुबनं बटण दाबलं. शिंगांची टोकं पेटली. बाया कौतुकानं पुढं सरकल्या.

"बाशिंग?"

लाल, हिरवं, पिवळं.

"घंटी?"

शाळा सुटल्यासारखी वाजली. दोन पोरं सवयीनं घराकडं पळाली.

"शेपूट?"

गोंडा इकडून तिकडं, तिकडून इकडं गेला. वीरप्पा मागं शेपटीसमोरच उभा होता. आता चौथ्या पिढीच्या वाट्यालाही शेपूटच येणार, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"आता हंबरू द्या."

आयुबनं भोंगा दाबला. जीप अशी हंबरली की पारावरच्या पिंपळावरची कावळ्यांची वस्ती उठली. अप्पांनी समाधानानं मान हलवली. आयुबनं बटण सोडलं. जीप हंबरतच राहिली.

झालं होतं असं. पुढून लागलेली माणसं वाटभर बाशिंगाला धरून ओढत आली होती. त्या हिसक्यांनी रबराची एक गट्टी निसटली आणि पत्र्यानं आतल्या दोन तारा सोलल्या. एक भोंग्याच्या बटणाची, ती भोंग्याच्या थरथरीनं पत्र्याला टेकली आणि भोंगा थांबेना. दुसरी बाशिंगाची. तीही पत्र्याला टेकली आणि वीज उधळली. अशा वेळी केसासारखी तार क्षणात जळून तुटावी आणि बाकी सगळं वाचावं, एवढ्यासाठीच आयुबनं ती लावली होती. पण तिथं आता कुंपणाची तार होती. ती तुटली नाही. बलभीमरावांनी निवडलेली वेसण होती, तुटणार कशी? ती लाल झाली, आणि तिच्यापुढची अख्खी तार रबरासकट जळू लागली.

बॉनेटच्या फटींतून धूर निघाला.

"फुरफुरतोय," अप्पा म्हणाले. "जातिवंत हाय."

धुराबरोबर लोणी कढल्याचा वास आला. लोकांना वाटलं कुणाच्या तरी घरी पुरणपोळीवर तूप पडलं.

"पाटील," आयुब भोंग्यावरून ओरडला, "वेसन तुटली का न्हाय?"

"तुटनार न्हाय," बलभीमराव अभिमानानं ओरडले. "म्या बदलली."

आयुबचा चेहरा पाहून ओढणारे जीप सोडून पळाले. आता भोंगा ऐकून खऱ्या बैलांचा धीर सुटला. आधी वीरप्पाची जोडी वळली, मग तिच्यामागं सगळे. झुली, बाशिंगं, घुंगुरमाळा, कासरे आणि कासऱ्यांना धरलेले मालक असा सगळा पोळा उलटा ओढ्याकडं गेला. वीरप्पा काही अंतर उभा धावला, पुढं काळ्या चिखलातून आडवा गेला.

आयुबनं बॉनेट उघडलं. बॅटरीची पकड सोडवायला एरवी पाना लागायचा, हातोडी लागायची, शिव्या लागायच्या. गंजानं ती वर्षानुवर्षं बसलेली. पण रात्रभर लोणी मुरलेलं होतं. आयुबनं फडक्यात धरून पिळलं आणि पकड अलगद हातात आली.

भोंगा थांबला. दिवे गेले. शेपूट अर्ध्यावर थांबलं. वेशीत इतकी शांतता झाली की ओढ्याकडून वीरप्पाच्या कानडी शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या.

मग आयुब समोरून बाजूला झाला, तशी जीप हलली. वेशीपासून आत उतार आहे आणि मागं धरायला कुणी उरलं नव्हतं. बलभीमरावांच्या हातातला कासरा सुटला. बॉनेटचा जबडा उघडा, इंजिन बंद, आत कुणी नाही, अशी ती आपल्या चार पायांनी गेली, उघड्या बॉनेटात तोरण अडकवून ते तोडलं आणि मारुतीपुढं जाऊन कठड्याला नाक लावून उभी राहिली.

अप्पांनी काठी उचलली. "कुनी ढकललं न्हाय. कुनी हाकललं न्हाय. सोता गेला. मान बलभीमचा."

त्या वर्षी वेशीतून गेलेला तो पहिला बैल होता, आणि शेवटचाही.

पुढं सात-आठ दिवस आयुब जळालेल्या तारा बदलत होता. बलभीमराव शेजारी उकिडवे बसून असत.

"वेसन येवढी बारीक कशापायी?" त्यांनी एकदा हळूच विचारलं.

"तिनं मरावं म्हनून," आयुब म्हणाला. "बाकीचं वाचावं म्हनून." आणि त्यानं पुन्हा कधी कुणाला शेतकऱ्याच्या भाषेत काही सांगितलं नाही.

तारा झाल्या. सोमवारी बलभीमरावांची उमरग्याला कचेरीत तारीख होती. नवं धोतर नेसून ते जीपमध्ये बसले, किल्ली फिरवली, इंजिन लागलं. फाटकासमोर वीरप्पा मांडी घालून बसला होता. कपाळाला भस्म, हातात बेलाची पानं.

"बाजूला हो वीरप्पा, तारखंला उशीर होतोय."

"आज वार कोन्ता?"

"सोमवार."

"सोमवारी बैलाला जू लावत न्हाईत. बसवण्णाचा, म्हंजी नंदीचा वार हाय."

बलभीमराव हसले. "आरं, ही मोटार..." आणि तिथंच थांबले. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी माणसं येऊन उभी होती. मागं गुरुलिंगअप्पा काठी टेकून ऐकत होते.

"मोटार म्हनलात?" वीरप्पानं फार गोड आवाजात विचारलं. "न्हाय, मोटार आसंल तर जावा की. खुशाल जावा. आमी कोन आडवनार? फकस्त एकदा अप्पांच्यापुढं म्हना, ही मोटार हाय. मग पोळ्याचं काय ते आमी बघू."

इंजिन चालू होतं. डायनॅमो भरत होता. बलभीमराव दोन्ही हातांत सुकाणू धरून समोर बघत राहिले. काचेतल्या गोळीच्या भोकातून त्यांना नेमका वीरप्पा दिसत होता. एक शब्द बोलले असते तर ते दुपारपर्यंत उमरग्याला पोचले असते, आणि मान कायमचा वीरप्पाच्या घरी.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. खाली उतरले. कासरा घेऊन जीप फाटकाच्या खांबाला बांधली. धुरपदाबाईनं पुढ्यात कडब्याची पेंढी आणून टाकली. वीरप्पानं बॉनेटवर बेलाचं पान वाहिलं आणि हात जोडून उठला. इतका भाविक तो कधीच दिसला नव्हता.

गल्ली मोकळी झाल्यावर बलभीमरावांनी आयुबला बाजूला घेतलं.

"आयुब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हिला सोमवारपुरतं मोटार करता यील का?"

आयुबनं जीपकडं पाहिलं, कडब्याकडं पाहिलं, दोन बोटं बॉनेटला लावून डोळे मिटले.

"यील," तो म्हणाला. "पन अलग तार लागंल. आन तिला अलग फ्यूज."

"बारीक घाल," बलभीमराव म्हणाले, आणि धोतर वर खोचून उमरग्याच्या वाटेला लागले.